काळमेघ सर शिकवत नाहीत

“हात लावू नकोस,” काळमेघ सर म्हणाले.

मी की-बोर्डवरून बोटं उचलली. समोरच्या काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांच्या ओळी एकामागून एक वर सरकत होत्या.

“सर, मी काही दाबत नव्हते. मशीनला सकाळी दिलेलं काम, तो जॉब, पुढे गेला का, तेवढंच बघत होते.”

“गेला की नाही ते मला दिसतं.”

“मला कसं दिसणार?”

“तुला बघायची गरज नाही. चहा सांग जा दोन. आणि एसीचं तापमान लिहून ठेव.”

मी उठले. अंगातल्या स्वेटरची बटणं लावली. बाहेर नागपूरचा मे महिना पेटला होता. रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं, पोरी तोंडाला ओढण्या गुंडाळून गाड्या चालवत होत्या. आणि आम्ही दोघं दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत कुडकुडत बसलो होतो. त्यातून त्या दिवशी बुद्धपौर्णिमा. बँकांना सुट्टी. भंडाऱ्याला घरी आईने खिरीचं पातेलं चढवलं असेल, बाबा पांढराशुभ्र सदरा घालून विहारात गेले असतील. मी मात्र चहा सांगायला निघाले होते.

ही बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि आमच्या बँकेच्या संगणक केंद्रात लागून मला वर्ष होत आलं होतं. आमच्या गल्लीत इंजिनीअर झालेली मी पहिली. “आमची करुणा बँकेच्या मुख्य संगणकावर आहे,” असं बाबा भेटेल त्याला सांगायचे. तो संगणक माणसाच्या उंचीच्या दोन काळ्या कपाटांसारखा होता. मेनफ्रेम. कॉलेजात आमच्या सरांनी त्याच्याबद्दल पहिल्या धड्यात चार ओळी सांगितल्या होत्या आणि “हे आता वस्तुसंग्रहालयात” म्हणून पान उलटलं होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी तो जिवंत पाहिला तेव्हा मी चक्रावले. गडचिरोलीत कुणी पासबुक पुढे केलं, बुलढाण्यात कुणी एटीएममध्ये कार्ड घातलं, की प्रश्न या कपाटांपाशी यायचा आणि उत्तर इथूनच जायचं. हजारो माणसं एकाच वेळी विचारायची, आणि तो कधी थकायचा नाही, कधी बंद पडायचा नाही. त्यात चालणारे कितीतरी प्रोग्राम माझ्या जन्माआधी लिहिलेले होते. कपाटं मध्ये दोन-तीनदा बदलली गेली. प्रोग्राम तेच राहिले, आणि ते सांभाळणारे काळमेघ सर तेच राहिले.

त्या कपाटांची भाषा कळणारा बँकेत तो एकच माणूस होता. साठी उलटून गेलेली. निवृत्त झाल्यावरही बँकेने त्यांची मुदत वाढवली होती, संपल्यावर पुन्हा वाढवली होती. राहायचे ते इमारतीच्या मागच्याच क्वार्टरमध्ये. हाक मारली की आले पाहिजेत म्हणून.

आणि मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं ते शिकायला. प्रत्यक्षात मी खात्यांच्या प्रती साठवायच्या टेपच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. काही विचारलं की “नंतर.” पुन्हा विचारलं की “तुझ्या कामाचं नाही.” एकदा मी घरून पुस्तक आणून वाचत बसले, तर ते हातातून काढून घेतलं आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं. कँटीनमध्ये सगळे हसायचे. “म्हातारा धनावरचा नाग आहे. मरेपर्यंत कुणाला जवळ येऊ देणार नाही,” असं म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. शिकू द्यायचं नाही आणि जाऊही द्यायचं नाही, अशा ठिकाणी मी येऊन पडले होते. पुण्याच्या एका कंपनीने मला बोलावलं होतं, मोबाइलवरची ॲप बनवायला. आठवडा संपायच्या आत हो-नाही कळवायचं होतं. मी मनातून केव्हाच हो म्हटलं होतं.

चहा घेऊन परत आले तेव्हा सर उभे होते. मी त्यांना काम करताना कधी उभं पाहिलं नव्हतं.

“काय झालं सर?”

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. पडद्यावरच्या ओळी सरकायच्या थांबल्या होत्या.

त्या दिवशी एक मोठं काम होतं. एक लहान बँक आमच्या बँकेत विलीन झाली होती आणि तिची सगळी खाती सुट्टीच्या दिवशी आमच्या मशीनवर चढवायची होती. दुपारपर्यंत ते उरकेल आणि संध्याकाळी पाचच्या गाडीने सर चेन्नईला जातील, असं ठरलं होतं. कुमुदकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, डोळ्याचं ऑपरेशन होतं. काचबिंदू. एक डोळा गेलेलाच, दुसऱ्यातही कडेकडेचं दिसेनासं होत आलेलं. याआधी दोनदा तारीख मिळाली होती आणि दोन्ही वेळा सरांना रजा मिळाली नव्हती. आता उशीर केला तर आम्ही काही करू शकणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

काचेचं दार ढकलून बुधकर साहेब आत आले. ते आमच्या विभागाचे प्रमुख. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कानाला फोन.

“काळमेघ, शाखांना काय सांगू? हललं का काही?”

“दोन जॉब एकमेकांत अडकलेत.”

“किती वेळ लागेल?”

“सोडवायला काही लागत नाही. पण एक काम रद्द करून पुन्हा चालवावं लागेल. ते पुरं व्हायला संध्याकाळ होईल, थोडं पुढेही जाईल.”

बुधकरांनी फोन खिशात ठेवला. “मग तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबणार ना?”

“माझी गाडी आहे साहेब.”

“गाड्या रोज असतात हो. उद्या सकाळी शाखा उघडणार. त्या बँकेचे लोक दारात उभे राहतील आणि आपल्याकडे त्यांचं खातंच नसेल. मी काय तोंड दाखवू?”

“रजा तुम्हीच मंजूर केली होती.”

“काम झाल्यावर जा, असं म्हटलं होतं मी. झालं का काम?” ते जरा मऊ झाले. “उद्याची तिकिटं मी स्वतः काढून देतो. विमानाची देतो.”

“उद्या सकाळी तिला भरती करायचंय. उद्या संध्याकाळी पोचून काय करू?”

बुधकर बाहेर गेले.  सरांनी खुंटीवरची पिशवी घेतली, माझ्याकडे न बघता दाराकडे निघाले. मी मागोमाग गेले. मला वाटलं, चला, म्हातारा एकदाचा चिडला.

खाली फाटकापाशी शेंडे होता. आमचा वॉचमन. सरांना पाहून तो खुर्चीतून उठला आणि फाटकासमोर आडवा उभा राहिला. त्याची मान खाली होती.

“माफ करजा सर. सायबानं आताच फोन करून सांगतलं. काम होयेस्तोवर काळमेघ सरले भायेर सोडाचं नाही म्हून.”

“शेंडे, बाजूला हो.”

“मी काय करू जी? मायी नोकरी जाईन.”

ऊन अंगावर कोसळत होतं. शेंडे घामाने निथळत होता. मला वाटलं सर त्याला ढकलतील, ओरडतील. त्यांनी नुसता एक हात फाटकाच्या गजाला लावला. तापलेल्या लोखंडाने चटका बसला तसा काढून घेतला. आणि मागे वळले.

तेवढ्यात फाटकाबाहेर ऑटो थांबली. कुमुदकाकू उतरल्या. ऑटोवाल्याने दोन बॅगा आणि एक सुरई खाली ठेवली. काकू थेट स्टेशनला जायच्या तयारीने आल्या होत्या. मान वळवून वळवून त्या आम्हाला शोधू लागल्या. समोरचं नेमकं तेवढं त्यांना दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. शेंडेने पटकन फाटक उघडून त्यांना आत घेतलं आणि पुन्हा लावलं. ते लावल्याचा आवाज काकूंनी ऐकला.

“अहो, फाटक का लावतोय हा?”

सर म्हणाले, “आत चल. ऊन आहे.”

“नाही सोडत ना?”

 काकूंनी पदराने तोंड पुसलं. “बरं,” एवढंच म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी तो धरला आणि त्यांना वर आणलं. मशीनच्या खोलीत बाहेरच्या माणसाला यायची मनाई होती, पण त्या दिवशी अडवायला कोण होतं? सरांची खुर्ची त्यांना दिली. थंडीने त्या शहारल्या तसा मी माझा स्वेटर काढून त्यांच्या खांद्यावर टाकला.

आणि मग मात्र माझा तोल गेला.

“सर, हे तुमच्यामुळे झालंय,” मी म्हणाले. “एक वर्ष मी इथे बसलेय. रोज विचारतेय, शिकवा, शिकवा. शिकवलं असतंत तर आज तुम्ही निघून गेला असता. मी सांभाळलं असतं. तुम्हाला कुणालाच काही द्यायचं नाही. आता बघा, काकूंच्या डोळ्यांवर आलं.”

 काकूच बोलल्या.

“तू करुणा ना? त्या दिवशी पुस्तक वाचत होतीस, ती?”

“हो काकू.”

“ते पुस्तक घरी आणून मला दाखवलं होतं यांनी. म्हणाले, पोरगी हुशार आहे, आपली आपणच शिकेल अशानं. चार रात्री झोपले नाहीत.”

“कुमुद, राहू दे.”

“का राहू दे? ती तुम्हाला शिव्या घालतेय आणि तुम्ही ऐकून घेताय.” काकूंनी माझ्या आवाजाच्या रोखाने मान वळवली. “अगं, यांना अमरावतीच्या पॉलिटेक्निकात लेक्चररची जागा मिळाली होती. लग्नाआधीची गोष्ट. शिकवायचंच होतं यांना, दुसरं काही नको होतं. तेव्हा इथे साठे म्हणून एक साहेब होते, ते एकटेच हे मशीन सांभाळायचे. तुम्ही सांगता आता, का मी सांगू?”

सर कपाटाला टेकून उभे होते. हळू बोलले.

“साठ्यांनी मला पावसाळाभर शिकवलं. फार प्रेमाने. मला वाटलं, केवढं भाग्य. काही हातचं राखलं नाही त्यांनी. शेवटचा धडा झाला त्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला आणि मुलाकडे निघून गेले. मी अमरावतीला जायला निघालो तर बँक म्हणाली, तुला कसं सोडू? तुझ्याशिवाय आहे कोण? तेव्हा कळलं, त्यांनी मला का शिकवलं.” ते थांबले. “मी पंचवीस वर्षांचा होतो. तू तर त्याहून लहान आहेस.”

काकू बसल्या होत्या त्या खुर्चीकडे मी पाहिलं.

“तुला शिकवलं असतं तर मी सुटलो असतो, हे मला कळत नव्हतं का? रोज कळत होतं. सकाळी तू विचारायचीस तेव्हा तर फारच. पण मग या खुर्चीत तू असतीस. आणि तुझ्या घरचं कुणी आजारी पडलं की शेंडे तुला अडवायला उभा राहिला असता. तुला चिठ्ठ्या चिकटवायला लावलं की कंटाळून निघून जाशील, असं वाटलं. पुण्याचं आहे ना काही? फोनवर बोलताना ऐकलं मी. जा.”

 खिडकी नसलेल्या त्या खोलीत मला एकदम गुदमरल्यासारखं झालं. स्वतःसाठी दार उघडायचं तर दुसऱ्याला आत कोंडायचं. साठ्यांनी यांना, यांनी मला, मी पुढे कुणाला तरी.

“सर,” मी म्हणाले, “आत्ता शिकवलंत तर जमेल? आजच्यापुरतं?”

“आजच्यापुरतं असं काही नसतं. आज तू केलंस की उद्या सगळ्यांना माहीत होईल, तुला येतं.”

“मी एकटीने नाही शिकणार.”

सरांनी मान वर केली. मी काय बोलले ते मलाही नीट कळलं नव्हतं. पण पाय दाराकडे निघाले होते.

बुधकर त्यांच्या केबिनमध्ये डोकं धरून बसले होते. मी उभ्या उभ्याच बोलले.

“साहेब, मी बसते कन्सोलवर, सरांच्या जागी. सर मला समजावून सांगतील आणि चार वाजता निघतील.”

“तुम्ही? मॅडम, तुम्हाला त्यातलं काय येतं?”

“आज संध्याकाळपुरतं येईल. पण त्याआधी एक गोष्ट ठरली पाहिजे. इथे आणखी माणसं घ्यायची. शिकाऊ. चार तरी. आणि दरवर्षी नवी. नाही जमत तर माझं पुण्याचं बोलावणं आलेलं आहे, मी आजच जाते. मग सरांना ठेवा कोंडून, ते जगतील तोवर.”

मला वाटलं होतं ते भडकतील. ते खिन्नपणे हसले.

“माणसं! तुम्हाला काय वाटतं, मला नको आहेत? तीन वर्षं झाली जाहिरात देतोय. पोरं येतात, मेनफ्रेम म्हटलं की विचारतात, ते अजून चालतं? एकही परत येत नाही. या शहरात इतकी कॉलेजं, एकातही हे शिकवत नाहीत. मी काळमेघांना हौसेने नाही अडवलं हो. माझाही गळा यातच अडकलाय.”

“पोरांना कुणी सांगतच नाही तर ती येणार कुठून? आमच्या वर्गात हे संपलं म्हणून सांगितलं होतं, आणि माझ्या बाबांची पेन्शन याच मशीनमधून येते. मी जाते कॉलेजात. माझ्याच कॉलेजात आधी. तुम्ही नुसतं म्हणा की शिकलेल्यांना घ्याल.”

“घेईन. शब्द देतो.”

माझ्या मागे चाहूल लागली. काकू भिंतीला हात लावत लावत आल्या होत्या, माझा स्वेटर पांघरून.

“शब्द नको साहेब,” त्या म्हणाल्या. “आधी फाटक उघडायला सांगा.”

 बुधकरांनी फोन उचलला आणि शेंडेला सांगितलं.

परत आले तेव्हा सरांनी खुर्ची मोकळी करून ठेवली होती. “बस,” म्हणाले. स्वतः माझ्या मागे उभे राहिले, हात पाठीशी बांधून.

“काय दिसतं?”

“दोन जॉब. दोघांपुढे ‘थांबला आहे’ असं आहे.”

“कशासाठी थांबलेत?”

मी ओळी वाचल्या. एक ओळ दोनदा वाचली. “पहिल्याने ग्राहकांची फाइल धरलीय आणि त्याला खात्यांची हवीय. दुसऱ्याने खात्यांची धरलीय... आणि त्याला ग्राहकांची हवीय.”

“म्हणजे?”

“म्हणजे कल्पांतापर्यंत थांबतील.”

“एकाला बाहेर काढायचं. कोणाला?”

“पहिल्याला?”

“का?”

“पहिला आहे म्हणून.”

“हे उत्तर नाही. ते काम काय करतात ते बघ. दुसरा सगळ्या बचत खात्यांवर व्याज चढवतोय. अर्ध्या खात्यांवर चढलंय. त्याला मारून पुन्हा सुरू केलंस तर काय होईल?”

“त्या अर्ध्यांना दोनदा व्याज.”

“आणि पहिला? तो नवी खाती भरतोय. तो चालताना जागोजागी खूण करत जातो, इथवर झालं म्हणून. त्याला थांबवलं तरी शेवटच्या खुणेपासून उठतो. आता सांग, कोण?”

“पहिलाच.”

“हं. पण आता का, ते तुला ठाऊक आहे.”

इतका वेळ दाबून धरलेलं त्यांच्या आवाजातलं काहीतरी सुटलं होतं. ते भराभर सांगत होते, मध्येच थांबून उलट विचारत होते, मी चुकले तर “का?” म्हणत होते.  तेवढ्या वेळात मला जे समजलं ते वर्षभरात समजलं नव्हतं. आज्ञा मी दिली. दुसरा जॉब सुटला. ओळी पुन्हा वर सरकू लागल्या, आणि मी पुढच्या आज्ञा देऊन पहिलं काम शेवटच्या खुणेपासून सुरू केलं.

निघताना सर दारात थांबले.

“पुन्हा काही थांबलं तर घाबरून मारू नकोस. आधी वाच. शेवटच्या अक्षरापर्यंत वाच.”

“फोन करू?”

“वरोऱ्याच्या पुढे जंगल आहे. फोन लागणार नाही.” काकूंचा हात धरून ते गेले. काचेचं जड दार त्यांच्यामागे आपोआप लागलं, आणि मी आत एकटी उरले.

भीती कशी असते ते मला त्या संध्याकाळी कळलं. पाणी प्यायला उठायचीही छाती होईना. पाच वाजून गेले, गाडी सुटली असेल. सहा झाले. काचेपलीकडे बुधकर येरझाऱ्या घालत होते. सगळ्या जिल्ह्यांतल्या शाखा, त्यांतली माणसं, सगळी जणू त्या पडद्याच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. दार बाहेरून कुणी लावलं नव्हतं. तरी मी उठून जाऊ शकत नव्हते. माणूस अशा जागी कसं आयुष्य काढतो?

काम शेवटाकडे आलं होतं आणि ओळी थांबल्या.

बुधकर दार ढकलून आत आले. “काय झालं? पुन्हा अडकलं? तेच करा ना, मघासारखं! मारा आणि परत सुरू करा!”

मी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच.

“मॅडम, करा काहीतरी!”

माझं बोट आज्ञेच्या कळीवर होतं. मघाशी त्यानेच तर सुटलं होतं. पण ओळी मघासारख्या नव्हत्या. मी वाचायला लागले. बुधकर बोलत होते, मी वाचत होते. शेवटी एक आकडा आणि त्यापुढे एक लहानशी खूण होती, इतर ओळींपुढे नसणारी.

“साहेब, थांबा. हे अडकलेलं नाही.”

“मग?”

“हे मला विचारतंय.”

मशीनला सगळ्या खात्यांची नवी प्रत टेपवर उतरवायची होती. लावलेल्या टेपवर आधीच काहीतरी होतं आणि त्याची मुदत संपलेली नव्हती. ते पुसून त्यावरच लिहू, की दुसरी टेप देतेस, असा त्याचा प्रश्न होता. उत्तर येईपर्यंत ते गप्प बसून राहणार होतं.

“पुस म्हणावं! संपवा एकदाचं,” बुधकर म्हणाले.

मी उठून टेपवरची चिठ्ठी पाहिली. ती मीच चिकटवलेली होती, सकाळी. खाती जोडायच्या आधीची प्रत होती ती. आजच्या कामात काही चुकलंच असेल तर मागे जायचा तो एकच रस्ता होता.

“पुसायचं नाही,” मी म्हणाले. टेपच्या कपाटातून कोरी टेप काढली, लावली, आणि उत्तर दिलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग ओळी धावू लागल्या. बुधकर मटकन खुर्चीत बसले. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी एसीचं तापमान लिहीत बसले.

सकाळी शाखा उघडल्या. त्या लहान बँकेची माणसं आली, पासबुकं पुढे केली, घरी गेली. त्यांना काहीच कळलं नाही.

काकूंचा गेलेला डोळा काही परत आला नाही. दुसरा मात्र होता तिथे थांबला. समोरचं दिसतं तेवढं दिसत राहिलं. सर बँकेत परत आले ते फक्त निरोप घ्यायला. बुधकरांनी दिलेला शब्द निम्मा पाळला, चार म्हटली होती तर दोन माणसं द्यायची कबूल केली. आणि ती दोन आणायची माझ्या गळ्यात घातली.

माझ्या जुन्या कॉलेजने हाकलून दिलं. दुसऱ्याने प्राचार्यांना विचारून सांगतो म्हटलं. शेवटी एका पॉलिटेक्निकने शनिवार दुपारची एक खोली दिली. “मुलांना ॲप करायचीत हो, तुमचं हे कोण शिकणार?” असं म्हणतच दिली. पंखा होता, पण फिरत नव्हता. पहिल्या दिवशी दहा-बारा पोरं आली, त्यांतली निम्मी हजेरी मिळेल म्हणून. मी मागच्या बाकावर बसले. शिकवायला उभे होते काळमेघ सर.

त्यांनी खडू हातात घेतला. मग बोलायला लागले ते थांबेचनात. गडचिरोलीच्या शाखेपासून सुरुवात करून ते थेट कपाटाच्या पोटात शिरले. तासाच्या शेवटी म्हणाले, “काही विचारायचंय?”

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. तृप्ती गेडाम तिचं नाव. ती धीट होती.

“सर, एक विचारू? हे शिकलं की आयुष्यभर एकाच खोलीत अडकून पडावं लागतं, असं ऐकलंय. खरं आहे का?”

 सरांनी खडू टेबलावर ठेवला.

“खरं आहे,” ते म्हणाले. “एकटीच शिकलीस तर.”

मग तिच्या शेजारी बाकावर डोकं टेकून घोरत असलेल्या मुलाकडे त्यांनी बोट केलं.

“म्हणून आधी त्याला उठव.”